म्हातारपणी देव शोधायचा कुठं?

गेल्या महिन्यात एका गावी बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक आटोपून पारावर चहा घेत बसलो होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा काठी टेकून बसले होते. म्हणाले, "साहेब, शेत पोराच्या हाती दिलं, घर सुनेच्या. आता आमचा काय उपेग? देवदेव करायचा आन् दिवस मोजायचे."

मला चटकन उत्तर सुचलं नाही. घरी परतताना वाटेत सुचलं, तेच आज लिहितो आहे. मलाही निवृत्तीला तीनच वर्षं उरली आहेत, तेव्हा आजोबांचा प्रश्न आता माझाही झाला आहे.

मंडळी, अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, फादर हर्मन बाखर नावाचे एक मिशनरी होऊन गेले. मूळचे स्वित्झर्लंडचे, जन्म 1924 चा. 1948 साली ते भारतात आले आणि पुढची कित्येक दशकं नगरच्या दुष्काळी भागात राहिले. मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं शाळा आणि दवाखाना येतो. बाखर बाबांनी मात्र माती आणि पाणी हे आपलं काम मानलं. 1972 चा दुष्काळ त्यांनी इथंच पाहिला. 1989 साली त्यांच्या पुढाकारानं इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. त्या वेळी ते पासष्टीला आले होते. ज्या वयात माणूस ओसरीवर खाट टाकतो, त्या वयात या माणसानं डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं काम हाती घेतलं. 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी 'वॉटर' ही संस्था उभी केली. 2021 साली ते गेले.

बाखर बाबा ज्या येशू संघाचे, त्याचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला सोळाव्या शतकातले. देव सगळ्या गोष्टींत शोधावा, ही त्या संघाची शिकवण. मला ती परकी वाटली नाही. आपले सावता महाराज तेराव्या शतकात अरण गावी मळा पिकवत होते. त्यांना विठ्ठल भेटला तो मळ्यातच. दोन दूरच्या मुलखांतली, दोन वेगळ्या धर्मांतली ही माणसं एकाच बांधावर येऊन उभी राहिली म्हणायची.

बाखर बाबांना भेटण्याचा योग मला आला नाही. पण नोकरीच्या पहिल्या वर्षांत, नव्वदीच्या दशकात, पाणलोटाचं काम चाललेल्या एका गावी माझं जाणं-येणं होतं. तिथल्या एका तात्यांनी मला जे शिकवलं, ते राहुरीच्या विद्यापीठात शिकायला मिळालं नव्हतं.

पाणलोटाचा हिशेब सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1 लाख लिटर पाणी पडतं. डोंगर उघडा असेल तर ते माती घेऊन ओढ्याला जातं. म्हणून उतारावर समपातळीत चर खणायचे, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 खोल. अशा चराच्या एका मीटर लांबीत 180 लिटर पाणी थांबतं आणि हळूहळू जिरतं. चराच्या भरावावर झाडं आणि गवत लावायचं. पण खणलेलं टिकायचं तर गावाला पथ्य पाळावं लागतं. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी.

यातली चराईबंदी सर्वांत अवघड, कारण तिचा भार गरिबावर पडतो. ज्याच्या बांधाला चारा आहे तो जनावर दावणीला बांधून घालतो. ज्याला जमीनच नाही, त्यानं शेळ्या न्यायच्या कुठं?

तात्यांचं वय तेव्हा अडुसष्ट. गळ्यात माळ, बावीस वर्षांची पायी वारी. गावानं त्यांना डोंगराची राखण दिली. पहिला पाऊस पडला, रोपं लागली, आणि आषाढी जवळ आली. नेमक्या त्याच दिवसांत कोवळं गवत उगवतं आणि जनावरं डोंगराकडं धावतात. तात्या दोन रात्री झोपले नाहीत. शेवटी दिंडी वेशीबाहेर पडली तेव्हा ते माथ्यावर उभे होते. डोळ्यांना धोतराचा सोगा लावून परत फिरले.

त्याच आठवड्यात गावातल्या एका विधवा म्हातारीच्या चार शेळ्या चरात शिरल्या. तात्यांनी हाकलल्या. म्हातारीनं भर रस्त्यात त्यांना शिव्या दिल्या, "वारी सोडून गरिबाच्या पोटावर पाय द्यायला राह्यलास का?" समितीनं दंड घ्यायचं ठरवलं. तात्या काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला त्यांनी स्वतःच्या बांधावरची शेवरी छाटली आणि भारा नेऊन तिच्या दारात टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोरानं कुरकुर केली की आपल्याच बैलांना पाला पुरत नाही. घरात वाद झाला, पण भारा थांबला नाही. दोन पावसाळे हे चाललं. मग डोंगरावरचं गवत कापून न्यायची परवानगी मिळाली, तेव्हा पहिला विळा त्या म्हातारीच्या हाती दिला.

मी एकदा विचारलं, "तात्या, वारी चुकल्याचं वाईट नाही वाटलं?" म्हणाले, "लई वाटलं. अजून वाटतं. पण एक सांगू? माळ घेऊन बसलो की मन इकडं तिकडं पळतं. डोक्यावर भारा असला की पळत नाही. मग नाव आपोआप येतं तोंडात."

वाचकहो, नव्या कामाचा डंका पिटायला सगळेच येतात. रोज सकाळी भारा नेणारा माणूस मात्र गावाला शोधावा लागतो. परदेशातून आलेल्या मिशनऱ्याचं काम या गावात टिकलं ते अशाच म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या कष्टानं.

म्हणून पारावरच्या आजोबांना मी आता चार कामं सांगणार आहे. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. रोज पाणी शिंपडा आणि आठवड्यानं उगवलेले मोजा. निदान 70 उगवले तर बियाणं चांगलं. हे स्वतःचं झालं की शेजाऱ्याचंही तपासून द्या. दुसरं, विहिरीत दोरी सोडून पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. तिसरं, शाळेच्या आवारातल्या दोन रोपांना उन्हाळाभर पाणी घाला. चौथं, वाडीत कुणी एकटं म्हातारं आजारी असेल, तर रोज दारावर जाऊन विचारपूस करा. आजीबाईंनीही यातलं हवं ते उचलावं. बियाण्याची पारख त्यांच्याइतकी कुणाला आहे?

यातल्या कशालाच पैसा लागत नाही, पण एकही दिवस चुकवून चालत नाही. पूजेचंही तसंच असतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः यातलं पहिलं काम घेणार आहे. गोणपाट घरात आहेच.