टक्के कमी करून द्या, भाऊ

पुलगावात एका डीटीपीच्या दुकानात संध्याकाळी माझी बैठक असते. तिथं पीएच.डी.चे प्रबंध टाइप होतात, बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं चढतात. हल्ली गिऱ्हाईक म्हणतं, 'भाऊ, तेवढे साम्याचे टक्के दहाच्या आत आणून द्या ना.' मग 'ग्रामीण महिला' पुसून 'खेड्यातील स्त्रिया' येतात, 'परिणामा'चा 'प्रभाव' होतो. काही जण त्याहून पोचलेले. ते मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्येच ठेवतात. कागदावर स्वच्छ मराठी दिसतं. चोरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र आत रोमन अक्षरांची खिचडी दिसते, जुळणार काय?

'माणसंच लबाड,' असं म्हणून लोक मोकळे होतात. समाजशास्त्र शिकवण्यात उमर गेलेल्या मला हे उत्तर आळशी वाटतं. लबाड माणसं कुठल्या काळात नव्हती? पण हीच लबाडी, याच वेळी, इतक्या जणांना का सुचावी? सिद्धांत लागतो तो इथं.

रॉबर्ट मर्टन हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. विज्ञानाची नीतिमूल्यं त्याने १९४२ साली मांडली आणि नीतीच्या व्याख्यानांत त्यांचाच गजर असतो. मला त्याचा १९३८चा निबंध जास्त उपयोगी वाटतो. समाज सगळ्यांपुढे एकच ध्येय ठेवतो, पण तिथं पोचायची सरळ वाट सगळ्यांना देत नाही. तेव्हा काही जण ध्येय धरतात आणि वाट सोडतात, असं तो म्हणतो.

आता आपल्याकडे बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१०च्या नियमांनी शोधनिबंधांचे गुण प्राध्यापकांच्या बढतीला जोडले. ज्या कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप आणि ग्रंथालयाला निधी नाही, तिथंही तेच गुण. लगोलग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्यांपैकी १००९ तपासली; निकषांवर टिकली ११२. हा अभ्यास २०१८चा. त्याच वर्षी नियम आला, दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. झालं, लोक चोरी टाळण्याऐवजी टक्के टाळायला शिकले. मोजमाप निर्णयाला जुंपलं की ते नासतं, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेलने सत्तरच्या दशकातच सांगून ठेवलं होतं.

मर्टनने सगळं उलगडतं असं नाही. त्याच बढतीसाठी झुरणारे कित्येक जण सरळ राहतात, ते का, हे एवढ्याने कळत नाही. पण पुढचं भोक कुठं पडणार, ते आधी सांगता येतं. नुसत्या शपथा आणि कार्यशाळांनी तेवढंही साधत नाही.

यूजीसीची नंतरची केअर यादीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. नियतकालिक पारखायचं काम आता कॉलेजांवर आलं आहे. बढतीचा दबाव होता तिथंच आहे.