पाण्याच्या वर काय आहे?

जुलैमध्ये पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघालेल्या माणसाला पाण्याची वाण पडत नाही. मसाई पठारावर घोट्यापर्यंत पाणी, पुढे पाणंदीतून वाहते पाणी आणि डोक्यावर पाऊस. तरीही या पदभ्रमण मोहिमेतला जाणता माणूस नवख्याला वाटेवरच्या ओढ्यात बाटली बुडवू देत नाही. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या ओलांडत ही वाट जाते. वाडी म्हटली की गोठे आले, उकिरडे आले, भाताची खाचरे आली. शेण, युरिया, तणनाशक, सगळे पावसाबरोबर त्याच ओढ्याला मिळते. पाणी दिसायला नितळ असले तरी त्याच्या वरच्या अंगाला काय आहे, हे पाहिल्याशिवाय ते ओठाला लावू नये.

कोल्हापूरच्या पश्चिमेकडचा डोंगर यात मोठी मदत करतो. पन्हाळा, मसाई पठार आणि शाहूवाडी-राधानगरीकडचे सडे यांच्या माथ्यावर जांभा आहे, खाली काळा बेसाल्ट. जांभा सच्छिद्र, स्पंजासारखा पाऊस पिणारा. मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उताराला, कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडते. म्हणून भटक्याने पठारावरच्या डबक्यांपेक्षा कड्याच्या बुडाशी पाणी शोधावे. झऱ्याच्या वर वस्ती नसेल, वर जंगल किंवा देवराई असेल, तर ते पाणी त्यातल्या त्यात भरवशाचे. पण जांभ्याच्या भेगांतून पाणी फार झपाट्याने खाली येते, पुरेसे गाळले जात नाही. त्यामुळे पठारावर गुरे चरत असतील तर झऱ्याचेही निर्जंतुकीकरण करावेच.

या मुलखात पाण्याचा विचार किती बारकाईने झाला आहे, हे ‘आज्ञापत्रा’त दिसते. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिला गेला आणि पंतांची जहागीर गगनबावड्याची, म्हणजे याच धुवाधार पावसाच्या पट्ट्यातली. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, असे ते सांगतात. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. यासाठी दोन-चार टाकी राखीव ठेवून त्यांतले पाणी खर्चू नये, हेही त्यात आहे. दोन बाटल्यांपैकी एक पुढचा पाणवठा प्रत्यक्ष दिसेपर्यंत न उघडणारा ट्रेकर नकळत हाच नियम पाळत असतो.

पन्हाळ्यावरची अंधारबावही त्याच सावधपणाची साक्ष. तीन मजल्यांची ही विहीर वरून झाकलेली, तळाच्या मजल्यावर पाणी. उघड्या पायऱ्यांच्या विहिरींनी मात्र महाराष्ट्राला नारू हा कृमीचा रोग दिला. रुग्ण पाण्यात उतरला की पायाच्या फोडातून अळ्या पाण्यात जात, त्या पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात राहत आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. पाणी फडक्यातून गाळणे आणि पायऱ्या बुजवणे या साध्या उपायांनी तो गेला. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 सालचा. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला.

फडक्याची ताकद बांगलादेशातही मोजली गेली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा 48 टक्क्यांनी घटला. कॉलऱ्याचे जंतू सूक्ष्म प्लवकांना चिकटलेले असतात आणि प्लवक कापडात अडकतात. सुटे जंतू आणि विषाणू मात्र कापडातून सहज पार होतात. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. ती पसरवणारा हेपॅटायटिस ई हा विषाणूच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जांभ्याचे तांबडे पाणी आधी निवळू द्यावे, लागल्यास तुरटी फिरवावी, मग गाळावे आणि शेवटी उकळावे किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होते, जंतूंसाठी उरत नाही. खळखळती उकळी एक मिनिट पुरते. तीन मिनिटे लागतात ती दोन हजार मीटरच्या वर, आणि आपले कळसूबाईही 1646 मीटरच आहे. युरिया आणि तणनाशक मात्र उकळूनही जात नाही. खाचराच्या पाण्यावर भटक्याच्या पिशवीत उपाय नाही, ते सोडूनच द्यावे.

मे महिन्यात हाच डोंगर वेगळा असतो. पठारावर पाण्याचा भरवसा राहत नाही आणि धनगरवाड्यांवरच्या बायका झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरतात. तिथे दहा जणांच्या गटाने वीस लिटर उचलणे म्हणजे एखाद्या घराचे दिवसभराचे पिण्याचे पाणी नेणे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पायथ्याच्या गावातूनच पाणी वाहून न्यावे आणि झऱ्यावर हात घालण्याआधी वाडीत विचारावे. जिल्ह्यातल्या सड्यांवर बॉक्साइटसाठी हाच जांभा खणला जातो. जिथे माथ्यावरचा थर निघतो तिथे पाऊस धरून ठेवणारी जागाच जाते; खाणीचे परवाने देताना खालच्या झऱ्यांची आणि त्यांवर जगणाऱ्या वाड्यांची नोंद आधी झाली पाहिजे.