तारली उत्तरेला, बांगडा खोलात

मासेमारीबंदी उठून हंगाम सुरू झाला, की मासळीच्या भावांबरोबर ‘समुद्र तापल्यामुळे मासा गेला’ हे विधानही हल्ली ठरल्याप्रमाणे छापून येते. तो नेमका कुठे गेला, याची चौकशी मात्र क्वचितच होते. प्रजातीचे वितरण, म्हणजे ती जगू आणि प्रजनन करू शकते तो पट्टा, पाण्याच्या तापमानाबरोबर सरकतो. तारली पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाकडे, सुमारे ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान मिळत असे. गेल्या काही दशकांत ती त्या पट्ट्याच्या उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावरही सापडू लागली.

बांगड्याची हालचाल अधिक बोलकी आहे. हा पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारा मासा. १९८५-८९ या काळात एकूण बांगड्यापैकी जेमतेम २ टक्के तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत सापडे, तर २००३-०७ मध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर गेले. याच काळात ट्रॉलरही वाढले, हे खरे; तरीही वरचे पाणी तापल्याने बांगडा खाली उतरत असावा, हा कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतील ई. विवेकानंदन यांचा निष्कर्ष सहज झटकून टाकता येत नाही.

अटलांटिकमधील मासे ध्रुवाकडे सरकत राहू शकतात. अरबी समुद्रात ही सोय नाही, कारण उत्तरेला गुजरात, सिंध आणि मकरानचा किनारा आडवा येतो. खोल जावे, तर साधारण १५० ते १००० मीटरदरम्यान प्राणवायू अत्यल्प असलेला थर पसरलेला आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात असे प्राणवायू कमी असलेले पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही चढते. अशा स्थितीत एखाद्या बंदरावर नवी मासळी दिसू लागली, म्हणून तिथली विविधता वाढली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरते. भक्ष्य आणि भक्षक एकाच गतीने सरकत नाहीत, त्यामुळे यादी लांबली तरी अन्नसाखळी विस्कटू शकते.

तथापि सारा दोष हवामानावर ढकलणेही सोयीचेच. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली, २०२१ मध्ये केवळ ३,२९७ टन; परंतु तारलीचे उत्पादन १९४०च्या दशकातही कोसळले होते आणि अलीकडे तिची पिल्लेसुद्धा उपसून फिशमीलच्या कारखान्यांकडे गेली आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. लिलावापूर्वी मासा मोजून हा नियम बंदरोबंदरी पाळला जात नसेल, तर तापत्या समुद्राकडे बोट दाखवण्याचा अधिकार शासनालाही नाही आणि ट्रॉलरमालकांनाही नाही.