अ प्रेरी होम कम्पॅनियन

अ प्रेरी होम कम्पॅनियन हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरातून प्रसारित होणारा साप्ताहिक नभोवाणी कार्यक्रम होता. लोकसंगीत, विनोदी नाटुकली, काल्पनिक जाहिराती, श्रोत्यांचे निरोप आणि एक दीर्घ कथाकथन असे त्याचे मिश्र स्वरूप होते. दर शनिवारी सायंकाळी दोन तास चालणारा हा कार्यक्रम नाट्यगृहातील प्रेक्षकांसमोर सादर होई आणि त्याच वेळी थेट प्रक्षेपित केला जाई. लेखक गॅरिसन कीलर हे त्याचे जनक, प्रमुख लेखक व निवेदक होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील खंड सोडल्यास १९७४ पासून २०१६ पर्यंत कार्यक्रमाची सूत्रे त्यांच्याकडे होती.

पार्श्वभूमी आणि आरंभ

१९३० व १९४० च्या दशकांत गाणी, विनोद व संवाद यांचे थेट मिश्र कार्यक्रम हे अमेरिकी नभोवाणीचे मुख्य आकर्षण होते. जॅक बेनी, फ्रेड ॲलन यांसारखे विनोदवीर त्यांतूनच घरोघरी पोहोचले. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीने हे कलावंत आणि त्यांचे जाहिरातदार दोन्ही ओढून घेतले. नभोवाणीकडे मुख्यतः ध्वनिमुद्रिका आणि बातम्या उरल्या. मोजके अपवाद टिकले. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९२५ पासून नॅशव्हिल येथून चालत आलेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा संगीताचा कार्यक्रम. १९७४ साली ‘द न्यू यॉर्कर’ या नियतकालिकासाठी ऑप्रीवर लेख लिहिण्याच्या निमित्ताने कीलर नॅशव्हिलला गेले आणि तसाच थेट कार्यक्रम आपल्या प्रांतात करावा, ही कल्पना तेथे पक्की झाली.

६ जुलै १९७४ रोजी सेंट पॉल येथील मॅकॅलेस्टर महाविद्यालयाच्या सभागृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हा समोर जेमतेम १२ माणसे होती. कार्यक्रमाचे नाव मूरहेड गावातील ‘प्रेरी होम’ नावाच्या दफनभूमीवरून सुचले होते. घरगुती ऊब सुचविणाऱ्या या नावाचे मूळ स्मशानात आहे, ही गोष्ट कीलर यांच्या विनोदाच्या जातकुळीशी सुसंगतच म्हणावी लागेल. १९७८ मध्ये कार्यक्रम सेंट पॉलमधील ‘वर्ल्ड थिएटर’ या जुन्या नाट्यगृहात गेला. १९१० साली बांधलेल्या या वास्तूला १९९४ मध्ये, याच शहरात जन्मलेले कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांचे नाव देण्यात आले.

१९८० पासून कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. सार्वजनिक नभोवाणीच्या राष्ट्रीय संस्थेने त्याच्या वितरणास नकार दिला होता. तेव्हा मिनेसोटा पब्लिक रेडिओने इतर काही केंद्रांच्या साथीने ‘अमेरिकन पब्लिक रेडिओ’ ही स्वतंत्र वितरण संस्था उभी केली. भरभराटीच्या काळात कार्यक्रमाला दर आठवड्यास सुमारे ४० लाख श्रोते होते.

सादरीकरण

थेट प्रक्षेपणात चूक पुसता येत नाही आणि घड्याळ थांबत नाही. एखादे गाणे लांबले की पुढचे नाटुकले तेथल्या तेथे आखूड करावे लागे. कीलर प्रयोगाच्या अगदी अखेरच्या तासांपर्यंत संहितेत बदल करीत असत. त्यामुळे टिम रसेल, स्यू स्कॉट हे नट आणि संगीत दिग्दर्शक रिच ड्वॉर्स्की यांना हाती नुकताच आलेला मजकूर पुरेशा सरावाविना सादर करावा लागे. टॉम कीथ व फ्रेड न्यूमन हे ध्वनिपरिणामकार दारांची करकर, घोड्यांच्या टापा, प्राण्यांचे आवाज तोंडाने आणि साध्या वस्तूंनी निर्माण करीत. घरी ऐकणाऱ्याला घोडा ‘दिसे’, तर नाट्यगृहातील प्रेक्षकाला तो घोडा घडविणारा माणूस दिसे. प्रेक्षकांचे हसू मग घरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचे.

सार्वजनिक नभोवाणीवर व्यापारी जाहिराती नसतात. कीलर यांनी या उणिवेलाच विनोदाचे साधन केले. लाजाळू माणसांना धीर देणारी ‘पावडरमिल्क बिस्किट्स’, केचपचा महिमा गाणारे एक सल्लागार मंडळ, ‘बऱ्यापैकी चांगले’ एवढाच दावा करणारे राल्फचे किराणा दुकान असे काल्पनिक प्रायोजक वर्षानुवर्षे कार्यक्रमात येत राहिले. खासगी गुप्तहेर ‘गाय न्वार’ आणि डस्टी व लेफ्टी हे दोन गुराखी ही नाटुकल्यांतील ठरलेली पात्रे होती. मध्यंतरानंतर प्रेक्षकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले निरोप वाचले जात.

लेक वोबिगॉन

कार्यक्रमाचा गाभा म्हणजे ‘लेक वोबिगॉन’ या काल्पनिक गावाची साप्ताहिक खबर. भूमापकांच्या चुकीमुळे हे गाव नकाशावर उमटलेच नाही, असे सांगितले जाई. नॉर्वेजियन वंशाचे लुथरन आणि जर्मन वंशाचे कॅथलिक असे तेथील रहिवासी. गावात आठवडा शांततेत गेला, अशा अर्थाच्या ठरलेल्या वाक्याने आरंभ करून कीलर हातात कागद न घेता सुमारे वीस मिनिटे बोलत. कथेत फारसे काही घडत नसे. एखादे सहभोजन, एखादा अंत्यविधी, शहरात गेलेल्या मुलाची अवघडलेली घरवापसी. वरकरणी हे स्मरणरंजन वाटले, तरी गावाची कोंडी, चहाडखोरी आणि भावना दडपण्याची सवय त्यातून सुटत नसे. सर्वांनाच ही संथ शैली रुचली असे नाही. ‘द सिम्प्सन्स’ या व्यंगचित्रमालिकेने १९९३ मध्ये तिची थट्टा केली होती.

या गावातील सगळीच मुले सरासरीहून सरस असतात, अशी कथेची समाप्ती होई. १९८७ मध्ये जॉन कॅनेल या डॉक्टरांनी अमेरिकेतील सर्व ५० राज्ये आपापले विद्यार्थी राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचे सांगतात, हे दाखवून दिले. त्या विसंगतीला या गावाचे नाव मिळाले. स्वतःला सरासरीहून सरस समजण्याच्या मानवी प्रवृत्तीला मानसशास्त्रातही ‘लेक वोबिगॉन परिणाम’ म्हणतात. कीलर यांचे ‘लेक वोबिगॉन डेज’ हे पुस्तक १९८५ मध्ये प्रकाशित झाले.

खंड, उत्तराधिकारी आणि समाप्ती

जून १९८७ मध्ये कीलर यांनी कार्यक्रम थांबवला व ते काही काळ डेन्मार्कला गेले. १९८९ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमधून वेगळ्या नावाने तशाच धर्तीचा कार्यक्रम सुरू केला. पुढे ते सेंट पॉलला परतले आणि १९९३ मध्ये मूळ नावही परत आले. २००६ मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांनी कीलर यांच्या पटकथेवरून याच नावाचा चित्रपट काढला. एका नभोवाणी कार्यक्रमाच्या अखेरच्या रात्रीची ही गोष्ट ऑल्टमन यांचाही अखेरचा चित्रपट ठरली.

जुलै २०१६ मध्ये कीलर निवृत्त झाले. त्यांच्यानंतर मँडोलिनवादक क्रिस थील निवेदक झाले. थील यांनी संगीताचा वाटा वाढवला. लेक वोबिगॉनची खबर मात्र बंद झाली, कारण ती कीलर यांची स्वतःची निर्मिती होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अनुचित वर्तनाच्या आरोपांवरून मिनेसोटा पब्लिक रेडिओने कीलर यांच्याशी असलेले करार संपुष्टात आणले. कीलर यांनी या आरोपांचे स्वरूप अमान्य केले. कार्यक्रमाचे नावही कीलर यांच्याशी जोडलेले असल्याने तो ‘लाइव्ह फ्रॉम हिअर’ या नावाने चालवावा लागला. प्रेक्षकांविना ज्याची कल्पनाच करता येत नाही अशा या कार्यक्रमाला २०२० च्या महासाथीत नाट्यगृहे बंद झाल्याचा मोठा फटका बसला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो बंद करण्यात आला. फिट्झजेराल्ड नाट्यगृह त्यापूर्वीच, २०१८ मध्ये विकले गेले होते. आरोपांनंतर संकेतस्थळावरून काढलेले जुने भाग त्याच वर्षी झालेल्या समझोत्यानुसार पुन्हा श्रोत्यांसाठी खुले झाले.