ठळक शीर्षाक्षरे, देवनागरी

ठळक शीर्षाक्षरे, देवनागरी : शीर्षके, जाहिराती, भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या व मार्गफलक यांसाठी योजलेली, जाड आणि जवळजवळ एकसारख्या रुंदीच्या रेषांची मुद्राक्षरे. सलग मजकुरासाठी ती नसतात. मोजके शब्द दुरून व चटकन वाचता यावेत, हे त्यांचे प्रयोजन होय.

रोमन अक्षरांत रेषांच्या टोकांशी ज्या बारीक आडव्या रेघा असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. त्या गाळलेले पहिले मुद्राक्षर लंडनच्या विल्यम कॅझलन (चौथा) याच्या नमुना-पुस्तकात १८१६ मध्ये आले. ‘सॅन्स सेरिफ’ हे नाव व्हिन्सेंट फिगिन्स याने १८३२ मध्ये योजिले. देवनागरीत मुळात सेरिफच नसल्याने हे नाव तिला लावणे तसे सैलपणाचेच आहे. नागरीचे वळण तिरक्या कापलेल्या बोरूतून घडले. बोरू फिरेल तशी रेषा जाड वा बारीक होते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरासारख्या ओतशाळांतील एकोणिसाव्या शतकातील मुद्राक्षरांनी हेच वळण धातूत उतरविले. त्यातील जाड-बारीकपणा काढून रेषा सारखी केली, म्हणजे सॅन्स सेरिफशी जुळणारे नागरी अक्षर मिळते.

अशा अक्षराची रेषा जाड करू लागल्यावर खऱ्या अडचणी सुरू होतात. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर ही दोन तालुक्यांची नावे एसटीच्या एकाच पाटीवर शेजारी येतात, तेव्हा त्या उत्तम रीतीने दिसतात. ‘बारामती’ या शब्दात सहा पूर्ण उभे दंड आहेत : ब, म व त यांचा प्रत्येकी एक, दोन काने आणि वेलांटीचा एक. ‘इंदापूर’मध्ये असे दंड दोनच, बाकी इ, द, र ही वळणांची अक्षरे. दंड सरसकट जाड केले, तर पहिला शब्द काळ्या कुंपणासारखा दिसतो व दुसरा विरळ पडतो. दोन्ही शब्दांचा काळेपणा सारखा भासावा म्हणून दंडांमधील अंतर, वळणांची जाडी आणि अक्षरांची रुंदी वेगवेगळी साधावी लागते. शिरोरेषा दंडाइतकीच जाड ठेवल्यास शब्दाचा वरचा भाग जड वाटतो. म्हणून ती बहुधा दंडापेक्षा बारीक ठेवतात. इंदापूरला वर अनुस्वार आहे व खाली दीर्घ ऊकार. जाड टिंब शिरोरेषेला चिकटते, ऊकाराचे पोट बुजते आणि दोहोंना जागा दिली, की मधले अक्षर खुजे होते.

याहून गंभीर प्रश्न अक्षरांतील पोकळ्यांचा. ब आणि व यांत फरक तो पोटातील एका तिरक्या रेघेचा. शाई पसरून ती पोकळी भरली, की ‘बारामती’चा ब आणि ‘वालचंदनगर’चा व एकच होऊन बसतात. भ व म, घ व ध या जोड्यांत फरक डाव्या बाजूच्या गाठीवर आणि शिरोरेषेतील खंडावर अवलंबून असतो. तो खंड मिटला, तर ‘भिगवण’चे ‘मिगवण’ होण्यास वेळ लागत नाही. ओळखीचा गाव वाचक संदर्भाने ओळखतो, परक्या प्रवाशाला मात्र ती सोय नसते. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असल्याने त्याला हिंदी वळणाच्या ल पेक्षा अधिक रुंदी लागते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ल व श यांची मराठी वळणेच प्रमाण ठरविली आहेत. तरी केवळ हिंदीसाठी रेखाटलेली जाड अक्षरे मराठी पाट्यांवर सर्रास आढळतात.

कुंचल्याने पाटी लिहिणारा रंगारी हे सारे त्या त्या शब्दापुरते सोडवितो : कुठे काना बारीक करतो, कुठे ऊकार बाजूला सरकवितो. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके या सवलतीचा कलात्मक उपयोग दाखवितात. मुद्राक्षराला ही सवलत नाही; कोणत्याही शब्दात कोणत्याही शेजाऱ्याजवळ बसेल, असे अक्षर आधीच घडवावे लागते. खिळ्यांच्या काळात जोडाक्षरांसह शेकडो खिळे लागत असल्याने ठळक वळणे थोडीच निघाली.

संगणकीय मुद्राक्षरांमुळे ही स्थिती पालटली. इंडियन टाइप फाउंड्रीची ‘खंड’ व ‘टेको’ (२०१४) ही आकुंचित, ताठ वळणाची असून अरुंद जागेतील मथळ्यांना सोयीची आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘बलू’ (२०१६) गोलाईयुक्त आहे. त्याच संस्थेच्या सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी रेखाटलेल्या ‘मोदक’मध्ये जाडी टोकाला नेली आहे : पोकळ्यांच्या जागी केवळ बारीक फटी उरतात, पण त्या बुजू दिलेल्या नाहीत. प्रस्तुत प्रश्नाचे हे सर्वांत धीट उत्तर म्हणता येईल. मात्र लहान आकारात त्याचा वापर करू नये.

छपाईच्या पृष्ठभागावरही बरेच अवलंबून असते. वृत्तपत्री कागद शाई शोषतो व रेषा फुगते; भिगवणच्या कारखान्यात तयार होतो तशा लेपित कागदावर शाई वरच राहते आणि तीच फट स्वच्छ उमटते. फ्लेक्सच्या फलकांवर फट उमटते खरी, पण अक्षरांना छाया व दुहेरी कडा जोडण्याच्या हौसेने ती बहुधा पुन्हा बुजविली जाते.