आईची हाक आणि दहावीचं वर्ष

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवायचे नाहीत. मुलांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी दोनच महिने आधी जाहीरपणे मांडला होता. निर्णय चांगलाच होता. पण आठवी, नववी, दहावीची मुलं असलेल्या घरांतल्या सकाळी त्याने काहीच हललं नाही. सातची शाळा सातलाच भरत राहिली. झोपेचं शास्त्र पाहिलं तर सकाळी उठणं सगळ्यांत जड जातं ते नेमकं याच मुलांना.

वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचा निरोप देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक या वयात पूर्वीपेक्षा एक-दोन तास उशिरा स्रवू लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कार्सकाडन यांनी यावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. रात्री साडेदहाला दिवा घालवूनही मुलगा बारापर्यंत टक्क जागा असेल, तर दर वेळी दोष मोबाइलचाच असतो असं नाही. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तासांची झोप हवी, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये केली. बाराला डोळा लागणार आणि पावणेसहाला उठायचं, म्हणजे जेमतेम पावणेसहा तास हाती लागतात. कॅलिफोर्नियाने यावर कायदाच केला. जुलै २०२२ पासून तिथली बहुतेक सरकारी हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

आपल्याकडे हे गणित सोडवायचं काम आईच्या गळ्यात पडतं. नाशिकच्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या, दोन मुलांना दहावीपार नेलेल्या एका आईला विचारलं, की या वर्षांतलं सगळ्यांत अवघड काय होतं? अभ्यास, मोबाइल, मित्रमंडळी असं काहीतरी उत्तर येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सकाळी उठवणं. दिवसाची सुरुवातच भांडणाने व्हायची. मग संध्याकाळी जवळ बसून चार गोष्टी बोलाव्यात, तर त्याच्या डोक्यात सकाळचंच असायचं." तिच्या नवऱ्याची नोकरी अंबडच्या एमआयडीसीत, शिफ्टची. त्यामुळे घरातली सकाळ तिच्या एकटीच्या वाट्याची. धाकटा नववीत गेला तेव्हा तिने दोन गोष्टी बदलल्या. दप्तर, गणवेश, पाण्याची बाटली सगळं रात्रीच दाराशी ठेवायचं, म्हणजे सकाळी वीस मिनिटं जास्त झोपता येतं. आणि रविवारी दहापर्यंत कुणी त्याला हाक मारायची नाही. आजी आल्या की कुरकुरायच्या, "दहा वाजले तरी पोरगं लोळतंय." पण घर सकाळी शांत राहू लागलं, हे त्यांनीही मान्य केलं.

थोरली आणि धाकटा यांच्यात चार वर्षांचं अंतर. या चार वर्षांमुळे एकाच आईने दोन अगदी निराळ्या दहाव्या पाहिल्या.

मुलगी २०२१ च्या तुकडीतली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला होता. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला. जुलैत तो लागला तेव्हा राज्यातली ९९.९५ टक्के मुलं उत्तीर्ण होती. अकरावीसाठी सरकारने सीईटी जाहीर केली. मुलांनी पुन्हा पुस्तकं उघडली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार तेव्हा फार थोड्यांनी केला. बातम्यांमध्ये चर्चा होती ती टक्क्यांच्या फुगवट्याची. या मुलीला एक्क्याण्णव टक्के पडले. पेढे आणले तर तिने हात लावला नाही. "मी काही लिहिलंच नाही, मग हे मार्क माझे कसे?" असं म्हणून ती आतल्या खोलीत निघून गेली. आईने तेव्हा समजूत घातली नाही, वर्षभर साठलेल्या तिच्या वह्या मात्र रद्दीत जाऊ दिल्या नाहीत. पुढे बारावीच्या उजळणीला मुलीने त्यातल्याच गणिताच्या वह्या काढल्या.

मुलाच्या वेळी सगळं पूर्ववत झालं होतं, किंबहुना जरा जास्तच घाईचं. २०२४ मध्ये दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच आली आणि निकालही १३ मे रोजी लागला. जानेवारीत पूर्वपरीक्षा, त्यातच विज्ञानाची जर्नलं पूर्ण करायची, सह्या घ्यायच्या, शिवाय क्लासच्या सराव परीक्षा वेगळ्या. दहावीला दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं बसतात. म्हणजे जवळपास तेवढ्याच घरांत एकाच वेळी केबल बंद होते, लग्नाची आमंत्रणं नाकारली जातात आणि आलेला प्रत्येक पाहुणा "किती टक्के अपेक्षित आहेत?" असं विचारतो. या प्रश्नाचा ताण परीक्षेच्या ताणापेक्षा कमी नसतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. चौदा मुलांमागे एक असं हे प्रमाण आहे. साठ जणांच्या वर्गात अशी चार मुलं असू शकतात. ती शांत बसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. खाणं-झोप बिघडली, आवडीचा खेळ आपणहून सुटला, मित्र तुटले आणि हे काही आठवडे तसंच राहिलं, तर "वयच असं आहे" म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतून बोलता येतं आणि पालकांनाही फोन करता येतो.

या वयातली मुलं आईचं ऐकत नाहीत, ही तक्रार घरोघरी आहे. तिच्यावर स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेलं काम प्रत्येक आईला सांगावं असं आहे. डॅनियल अब्राम्स, विनोद मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून काही निरर्थक शब्द ऐकवले. काही शब्द त्यांच्या आईच्या आवाजात होते, काही अनोळखी बायकांच्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूतली, आनंद आणि महत्त्व ओळखणारी केंद्रं आईच्या आवाजाने जास्त उजळत. तेरा-चौदाच्या सुमारास हे उलटं होऊ लागतं आणि अनोळखी आवाज त्या केंद्रांना जास्त चेतवतात. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या मोठ्या मुलांनी आईचा आवाज जवळपास अचूक ओळखला होता. आवाज पोचत होता, फक्त मेंदू आता बाहेरच्या जगाचे आवाज टिपायला शिकत होता. पुढे ज्या माणसांत राहायचं, काम करायचं, त्यांच्याकडे कान लावणं हा मोठं होण्याचाच भाग आहे.

नाशिकच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मनावर घ्यायचं कारण नव्हतं." लगेच पुढे म्हणाली, "पण घेतलं जातंच."

मित्रांचं वजनही याच काळात वाढतं. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला दिला, कधी एकट्याने, तर कधी समवयस्कांच्या समोर. किशोरवयीन मुलांनी मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. हा खेळ पडद्यावरचा होता, पण आपल्या रस्त्यांवर तो खराखुरा चालू आहे. संध्याकाळी क्लास सुटताना दाराशी उभं राहावं, एकेका स्कूटरवर तीन-तीन मुलं बसलेली दिसतात. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळू शकतो. घरोघरी असतात त्या एकशेदहा सीसीच्या स्कूटर अठराच्या आत चालवता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा हे कलम घरोघरी पोचलं.

धाकट्याने नववीत किल्ली मागितली होती. "सगळे आणतात," हे त्याचं कारण. आईने कायद्याची भीती घातली नाही. क्लासला ती स्वतः सोडायला जाऊ लागली, पतसंस्थेतून घरी येऊन चहा घेतला की लगेच. त्या पंधरा मिनिटांच्या वाटेत काहीतरी घडायचं. समोरासमोर बसून ज्याच्या तोंडून शब्द निघत नसे, तो मागच्या सीटवरून बोलायचा. वर्गात कुणाला शिक्षा झाली, कुणाचं कुणाशी बिनसलं, जीवशास्त्राच्या धड्यातलं काय विचारायला लाज वाटली. नजरेला नजर नसली की या वयाच्या मुलांना बोलणं सोपं जातं, हा अनेक पालकांचा अनुभव आहे. एकत्र भाजी निवडताना, गाडी पुसताना किंवा रात्री गच्चीवर फेरी मारतानाही हेच होतं.

मोबाइलच्या बाबतीत मात्र एकटी आई कमी पडते. २०२० च्या ऑनलाइन शाळेने मोबाइल मुलांच्या हातात दिला आणि शाळा उघडल्यावरही तो परत घेता आला नाही. एका घराने बंदी घातली तर मुलगा शेजारच्या घरी जातो. म्हणूनच सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये केलेला प्रयोग मोलाचा वाटतो. तिथे रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवतं. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात. सुरुवातीला घरोघर जाऊन समजावावं लागलं. या प्रयोगाचं बळ दोन गोष्टींत आहे. मुलाला आपणच तेवढे अडकलोय असं वाटत नाही, आणि मोठ्यांनाही नियम लागू असतो. शहरातल्या गृहसंकुलांना हे का जमू नये? एका मजल्यावरच्या चार घरांनी ठरवलं तरी सुरुवात होईल.

२०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून झाले. अर्जात एक ते दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे होते. धाकट्याला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले होते. त्याला वाणिज्य शाखा हवी होती. मामाचं म्हणणं विज्ञानाचं, वडिलांचा कल पॉलिटेक्निककडे. आईने आपलं मत एकदाच सांगितलं: गणित सोडू नकोस. मग तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला आणि ती कणीक मळायला उठली. तासाभराने त्याने आतून विचारलं, "आई, सातव्या नंबरला कुठलं टाकू?" पहिले सहा त्याचे भरून झाले होते. गणितासह वाणिज्य, सगळीकडे.