विश्लेषण : मोठ्या सायकल स्पर्धेआधीचे शेवटचे १५ दिवस… हौशी सायकलपटूंनी काय करावे, काय टाळावे?

पहाटेचे साडेचार-पाच वाजलेले असतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यातून सायकलपटू गायमुखच्या दिशेने निघतात. तिकडे डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मानपाड्यातून कुणी बदलापूर, कुणी मुरबाडचा रस्ता धरतो. नाव एक, ठिकाणे दोन. पण अडचण सारखीच. उजाडले की अवजड वाहने, खड्डे आणि कोंडी. त्यामुळे सराव अंधारात आणि त्यानंतर कार्यालय. पाऊस ओसरला की स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि ‘सराव कमी पडला’ या भीतीने अनेक जण शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर वाढवतात. नेमकी हीच चूक महागात पडते. या पंधरवड्यात करायचे काय, त्याचे हे विश्लेषण.

हौशी सायकलपटू कोणत्या स्पर्धांत उतरतात?

महाराष्ट्रात मुंबई-पुणे सायकल शर्यतीची परंपरा जुनी आहे. बोरघाटाची चढण सर्वांत आधी पार करणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आजही मानाचा मानला जातो. पुणे ते गोवा अशी सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ २०१४ पासून होते. अमेरिकेतील ‘रेस अक्रॉस अमेरिका’ (रॅम) या स्पर्धेसाठीची ती पात्रता स्पर्धाही आहे. याशिवाय ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या राइड्स असतात. त्यांत क्रमांक नसतात. दिलेल्या मुदतीत अंतर पूर्ण करायचे असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात.

सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रॅम’ २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने ही स्पर्धा पूर्ण केली. मुदत १२ दिवसांची होती आणि समर्थ यांनी ११ दिवस २१ तास घेतले. व्यवसाय सांभाळून सायकल चालवणाऱ्यांनाही हे जमते, हे या उदाहरणांतून दिसले.

स्पर्धा जवळ आल्यावर सराव कमी का करायचा?

जोरदार सरावानंतर शरीर लगेच बळकट होत नाही. स्नायूंची झीज भरून निघायला, साठा पुन्हा भरायला वेळ लागतो. त्यामुळे शेवटच्या दहा-बारा दिवसांत केलेल्या जादा सरावाचा फायदा स्पर्धेच्या दिवशी फारसा मिळत नाही. थकवा मात्र पूर्ण मिळतो. म्हणून या काळात सराव टप्प्याटप्प्याने उतरवतात. याला ‘टेपर’ म्हणतात. याविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सर्वाधिक फायदा दोन आठवड्यांच्या टेपरने होतो. त्यात सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवायचे, पण सरावाचे दिवस आणि जोर कायम ठेवायचा.

उदाहरणार्थ, एखादा जण आठवड्यात चार दिवस मिळून २०० किलोमीटर चालवत असेल, तर पहिल्या आठवड्यात साधारण १२० आणि स्पर्धेच्या आठवड्यात ८० ते ९० किलोमीटर पुरेसे आहेत. दिवस चारच ठेवावेत. येऊरच्या चढावर दोन-तीन मिनिटांचे तीन-चार जोरदार टप्पे घ्यावेत आणि परतावे. पूर्ण विश्रांती घेतली तर पाय जड वाटतात. या काळात ‘आपण आळशी झालो’ असे वाटणे, किरकोळ दुखणी जाणवणे हे अनेकांना होते. त्यावर उपाय म्हणून १०० किलोमीटरची ‘शेवटची चाचणी’ घेऊ नये.

पहाटेचा सराव आणि झोप यांचा मेळ कसा घालायचा?

मानपाड्यातल्या सायकलपटूचा खरा तोटा इथे होतो. रात्री ११ वाजता झोपून पहाटे ४ ला उठणारा रोज पाचच तास झोपतो. सराव निम्म्यावर आला की वाचलेला वेळ सर्वप्रथम झोपेला द्यावा. आठवड्यातले दोन दिवस रस्त्यावर न जाता घरीच ट्रेनरवर ४० मिनिटे चालवली तरी चालते. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न लागणे सामान्य आहे. त्याआधीच्या चार-पाच रात्री नीट झोप झाली असेल, तर एका रात्रीने फार बिघडत नाही. हे आधीच माहीत असले, की त्या रात्री घड्याळ पाहत बसण्याची वेळ येत नाही.

कार्यालयाचा ताण पायांत उतरतो का?

उतरतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २००९ मध्ये १६ जणांवर एक प्रयोग केला. एकदा त्यांना ९० मिनिटे सतत लक्ष द्यावे लागेल असे काम संगणकावर दिले, एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवला आणि दोन्ही वेळा दमेपर्यंत स्थिर सायकल चालवायला लावली. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोक्याच्या कामानंतर ६४० सेकंद. हृदयाच्या आणि स्नायूंच्या कामात उल्लेखनीय फरक नव्हता. तेच श्रम त्यांना अधिक जड वाटले आणि त्यांनी लवकर सोडून दिले.

म्हणून शक्य असेल तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी रजा घ्यावी. बिब घेणे, बॅग भरणे, गाडीची व्यवस्था ही कामे दोन दिवस आधी उरकावीत. रात्री उशिरापर्यंत ग्रुपवर हवामान आणि मार्गावर चर्चा करणे हेही डोक्याचेच काम आहे.

धास्तीचे काय करायचे?

स्पर्धेआधी छातीत धडधड, पोटात गोळा, सारखे लघवीला लागणे हे शरीर तयार होत असल्याचे लक्षण आहे. ते घालवण्याची धडपड केली की ते वाढते. त्यापेक्षा दोन गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली, ‘असे झाले तर असे करायचे’ ही यादी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत मांडली. पंक्चर झाले तर सावलीत थांबायचे, आधी पाणी प्यायचे, मग ट्यूब बदलायची. घाटात गट पुढे निघून गेला तर मागे न धावता आपल्या लयीत चढायचे. गोळा आला तर हलका गिअर टाकायचा. अशी पाच-सहा वाक्ये कागदावर लिहावीत. निर्णय आधीच झालेला असला, की दमलेल्या डोक्याला तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

दुसरी, स्वतःशी बोलणे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे यासाठी तयार केले. ते स्थिर सायकलवर आधीपेक्षा १८ टक्के जास्त वेळ टिकले. वाक्य आपल्या भाषेतले आणि छोटे असावे. ‘हा चढ संपणार आहे’ इतकेही पुरते. मात्र ते सरावात वापरलेले असावे. स्पर्धेच्या दिवशी शोधलेले नव्हे.

खाण्यापिण्याची तयारी कधीपासून?

शरीरात कर्बोदकांचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरींचा असतो. तो भरण्यासाठी शेवटचे दीड-दोन दिवस भात, पोहे, इडली, बटाटा, केळी वाढवावीत. तेलकट, उसळी आणि कच्च्या भाज्या कमी कराव्यात. एकाच रात्री भरपेट जेवल्याने साठा भरत नाही, पोट बिघडते.

सायकलवर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. अडीच तासांहून मोठ्या स्पर्धेत सवय असेल तर ९० ग्रॅमपर्यंत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. म्हणजे भूक लागण्याची वाट न पाहता दर २०-३० मिनिटांनी खावे लागते. तासन् तास केवळ साधे पाणी, तेही तहानेपेक्षा जास्त पिणे धोकादायक आहे. रक्तातील सोडियम घटून गोंधळल्यासारखे होणे, उलट्या, क्वचित झटके येऊ शकतात. ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी सोबत असावे. उकाड्याची सवय व्हायलाही १० ते १४ दिवस लागतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात स्पर्धा असेल, तर काही हलक्या राइड्स सकाळी उशिरा कराव्यात.

सुरुवातीला वेग का आवरायचा?

सपाट रस्त्यावर वेगात असताना बहुतेक ताकद हवेशी झुंजण्यात जाते आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ वरून ३० किलोमीटरवर गेले, की हवेसाठी लागणारी ताकद सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. पहिल्या ३० किलोमीटरमध्ये त्यातून वाचतात १२ मिनिटे. मात्र जळालेला साठा पुढे घाटात उणा पडतो. गटात मागे राहून हवा चुकवणे हा याचा स्वस्त उपाय आहे. पण अनोळखी गटात चाकाला चाक लावण्याचा सराव नसेल तर अंतर ठेवलेले बरे.

सायकलची कामे कधी उरकावीत?

किमान आठवडाभर आधी. चेन, ब्रेक पॅड, टायर बदलायचे असतील तर त्यावर दोन राइड्स झाल्या पाहिजेत. नवे बूट, नवी सीट, नवे जेल स्पर्धेच्या दिवशी वापरू नये. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर आणि चार्ज केलेले दिवे आदल्या संध्याकाळी एका ठिकाणी ठेवावेत.

माघार कधी घ्यावी?

ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर स्पर्धा सोडावी. तापात जोर लावल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. श्रमाने छातीत दुखणे, भोवळ, अनियमित ठोके यांपैकी काही सरावात जाणवले असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उतरू नये. चाळिशीनंतर प्रथमच मोठी स्पर्धा करणाऱ्यांनी नोंदणीआधीच हृदयाची तपासणी करून घेतलेली बरी. प्रवेश शुल्क, रजा आणि मित्रांना दिलेला शब्द यांमुळे हा निर्णय अवघड होतो. म्हणून ‘असे झाले तर’च्या यादीत एक ओळ याचीही असावी आणि ती घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवावी.